ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा नाकारला गेल्यास काय करावे: बडोद्यातील तांत्रिक नोकरदारांसाठी मार्गदर्शक

कलाभवनातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, मकरपुरा किंवा वाघोडियाच्या कारखान्यात काही वर्षे काम केलेला आणि ब्रिटनमधील कंपनीने निवडलेला उमेदवार व्हिसा नाकारल्याचे पत्र आल्यावर ज्यांना ज्यांना फोन करतो, ते सगळे त्याला एकच सल्ला देतात: अपील कर. अडचण अशी आहे की ब्रिटनच्या नोकरीच्या व्हिसासाठी, आपण ज्याला अपील म्हणतो तशी, न्यायाधीशासमोर जाण्याची सोयच आता उरलेली नाही. २०१४च्या इमिग्रेशन कायद्याने ती बहुतेक प्रकारच्या व्हिसांसाठी काढून टाकली आणि तिच्या जागी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू’ नावाची प्रशासकीय फेरतपासणी आणली. मानवी हक्क किंवा आश्रय यांच्याशी संबंधित निर्णयांवर न्यायाधिकरणात अपील करता येते, पण ट्रान्सफॉर्मर डिझाइनच्या किंवा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी केलेला अर्ज सहसा त्यात बसत नाही.

या फेरतपासणीत होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याचा, दुसरा अधिकारी एवढेच पाहतो की पहिल्या अधिकाऱ्याने समोर असलेल्या कागदांवरून नियम बरोबर लावले की नाही. त्याची चूक असेल तर ती दुरुस्त होते. तुमच्या अर्जात एखादा कागद मुळातच नसेल, तर तो आता जोडून उणीव भरून काढता येत नाही. म्हणून फेरतपासणी मागायची की नवा अर्ज करायचा, हा निर्णय राग, घाई किंवा शेजाऱ्याचा अनुभव यांवर न घेता नकारपत्रातील वाक्ये वाचून घ्यायचा असतो. मी स्वतः विद्युत अभियंता आहे आणि या प्रक्रियेतून गेलो आहे. त्यानंतर दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील ओळखीच्या मुलामुलींची नकारपत्रे वाचून देण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येत गेले. मी वकील नाही, त्यामुळे फसवणुकीचा आरोप असलेल्या प्रकरणात खाली सांगितल्याप्रमाणे अधिकृत सल्लागाराकडेच जावे.

१. पत्र मिळाल्याची तारीख आधी लिहून ठेवा

भारतातून केलेला अर्ज नाकारला गेला असेल, तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये राहूनच अर्ज केला असेल, म्हणजे उदाहरणार्थ शिक्षणाच्या व्हिसावरून स्किल्ड वर्करकडे जाताना नकार आला असेल, तर ही मुदत फक्त १४ दिवसांची असते. मुदत निर्णय मिळाल्यापासून मोजायची आहे, पत्रावर छापलेल्या तारखेपासून नव्हे. तरीही सुरक्षित राहण्यासाठी छापील तारखेपासूनच मोजावे आणि शेवटचे दोन-तीन दिवस हिशेबातच धरू नयेत. निर्णय ई-मेलने आला असेल तर तो ई-मेल जपून ठेवा. पासपोर्टच्या पाकिटातून पत्र आले असेल तर पाकीट फाडून टाकू नका, आणि ते कुरिअरने कोणत्या दिवशी मिळाले याची नोंद ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्हाला फेरतपासणी मागण्याचा अधिकार आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. ते वाचण्याआधी अहमदाबादच्या व्हीएफएस केंद्रात चौकशीला धावू नका. ते केंद्र कागद आणि बोटांचे ठसे गोळा करते. निर्णय तिथे होत नाही आणि निर्णयाचे कारण तिथल्या कर्मचाऱ्यांना माहीतही नसते.

२. नकाराचे कारण कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ द्यावा असा टप्पा हाच आहे, आणि लोक नेमका हाच टप्पा अर्ध्या तासात उरकतात. पत्रातील प्रत्येक कारण वेगळ्या कागदावर उतरवा, त्याच्यासमोर अधिकाऱ्याने उद्धृत केलेले नियमाचे कलम लिहा आणि त्या कलमाचा मूळ मजकूर ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील ‘अपेंडिक्स स्किल्ड वर्कर’मध्ये स्वतः वाचा. त्यानंतर प्रत्येक कारण पुढील तीनपैकी कोणत्या प्रकारात बसते ते पाहा.

पहिला प्रकार म्हणजे अधिकाऱ्याची चूक. याचे ठळक उदाहरण निर्वाहाच्या रकमेचे आहे. नियम असा आहे की अर्जदाराकडे किमान १,२७० पौंड असावेत, किंवा ‘ए’ दर्जाच्या प्रायोजक कंपनीने, म्हणजे परदेशी कर्मचारी नेमण्याचा परवाना असलेल्या कंपनीने, पहिल्या महिन्याच्या अखेरपर्यंत गरज पडल्यास तेवढा खर्च आपण करू, असे प्रमाणित करावे. समजा, तुमच्या कंपनीने तुम्हाला दिलेल्या प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रावर (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप), म्हणजे सीओएसवर, तशी नोंद केलेली आहे आणि तरीही बँकेचा तपशील जोडला नाही म्हणून अर्ज नाकारला गेला, तर ही सरळसरळ फेरतपासणीची केस आहे. अपलोड केलेले प्रमाणपत्र ‘सादर केलेले नाही’ असे पत्रात म्हटलेले असणे, पगाराचे गणित चुकणे किंवा तुमच्या सीओएसच्या तारखेला लागू नसलेला नियम लावला जाणे, हेही याच प्रकारात मोडते.

यातील शेवटचा मुद्दा अलीकडे फार महत्त्वाचा झाला आहे, कारण नियम वरचेवर बदलत आहेत. सर्वसाधारण किमान वार्षिक पगार ४ एप्रिल २०२४ पासून ३८,७०० पौंड झाला, २२ जुलै २०२५ पासून तो ४१,७०० पौंड झाला, आणि त्याच दिवसापासून नोकरीची पातळीही पदवीच्या दर्जाची असावी अशी सर्वसाधारण अट आली. प्रत्येक बदलासोबत आधी दिलेल्या सीओएसचे काय होईल, याची संक्रमणकालीन तरतूद असते. तुमचा सीओएस बदलाच्या आधीचा असेल, तर अधिकाऱ्याने कोणत्या दिवसाचा नियम लावला आहे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पदवीच्या दर्जाची अट नोकरीला लागू आहे, अर्जदाराला नव्हे, हेही येथे लक्षात ठेवावे. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून अनुभवाने वर आलेल्या माणसाला केवळ पदवी नाही म्हणून अपात्र ठरवले जात नाही. त्याचे काम ज्या व्यवसाय-संकेतांकाखाली येते, तो संकेतांक पात्र असला पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे कागदाची उणीव. क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र नसणे किंवा त्याची सहा महिन्यांची मुदत उलटलेली असणे, इंग्रजीची चुकीची परीक्षा दिलेली असणे, बँकेतील शिल्लक मध्येच कमी झालेली असणे, ही याची नेहमीची उदाहरणे आहेत. येथे फेरतपासणी मागणे म्हणजे पैसे आणि महिने वाया घालवणे होय. नवा अर्ज करावा.

तिसरा प्रकार अधिकाऱ्याच्या मताचा आहे: नोकरी खरी वाटत नाही, जागा केवळ व्हिसासाठी तयार केली आहे, कामाचे वर्णन संकेतांकाशी जुळत नाही, किंवा माहिती खोटी दिली आहे. यातील पहिल्या तीन कारणांत अधिकाऱ्याने कोणत्या पुराव्याकडे दुर्लक्ष केले हे नेमके दाखवता आले तरच फेरतपासणीत काही हाती लागते. ‘नोकरी खरी आहे’ असे पुन्हा ठासून सांगण्याने लागत नाही. खोटी माहिती किंवा बनावट कागद यांचा आरोप मात्र कधीही तसाच सोडू नये. फसवणूक सिद्ध मानली गेली तर पुढील अर्ज १० वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. हा आरोप खोडून काढण्यासाठी फेरतपासणीत नवा पुरावाही विचारात घेतला जाऊ शकतो, आणि नव्या पुराव्याला दार उघडे असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे.

३. बडोद्याहून जाणाऱ्या अर्जांत वारंवार दिसणाऱ्या अडचणी

या शहरातील अर्जदारांच्या काही अडचणी इतक्या सारख्या असतात की नकारपत्र उघडण्याआधीच त्यांचा अंदाज करता येतो.

इंग्रजीपासून सुरुवात करतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे, आणि विद्यापीठाकडून माध्यमाचे पत्र मिळाले की इंग्रजीची अट पूर्ण झाली, असा समज येथे घट्ट बसलेला आहे. ते पत्र एकटे पुरेसे नाही. परदेशी पदवीच्या आधारे इंग्रजी सिद्ध करायचे असेल, तर ब्रिटनमधील ‘एक्टिस’ या संस्थेकडून ती पदवी ब्रिटिश पदवीच्या बरोबरीची आहे आणि इंग्रजीतून शिकवली गेली आहे, असे निवेदन घ्यावे लागते. विद्यापीठाचे पत्र त्या संस्थेला द्यायचे असते. जे परीक्षा देतात, त्यांनी ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ किंवा यादीतील दुसरी मान्य सुरक्षित परीक्षाच द्यावी. नेहमीची आयईएलटीएस, गुण कितीही चांगले असले, तरी चालत नाही. ८ जानेवारी २०२६ पासून या व्हिसासाठी प्रथमच अर्ज करणाऱ्यांना इंग्रजीची बी-१ ऐवजी तिच्याहून वरची बी-२ पातळी दाखवावी लागते, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरी अडचण नावांची, आणि ती आपल्या मराठी घरांना विशेष भोवते. गुजरातेतील शाळांच्या कागदपत्रांत वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ आणि आईच्या नावापुढे ‘बेन’ लागते, त्यामुळे पासपोर्टवरचे विनायक शाळेच्या दाखल्यावर विनायकभाई असतात आणि जन्मदाखल्यात सुनीता ही सुनीताबेन असते. गुणपत्रिकेत आडनाव आधी छापलेले असते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आजोबांच्या पिढीपासून दोन प्रकारे चालत आलेले असते. एवढ्यावरून थेट नकार येईलच असे नाही, पण पती-पत्नीचे नाते किंवा मुलाचे पालकत्व सिद्ध करताना, तसेच एक्टिसकडे पदवी पाठवताना, हा फरक आडवा येतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्जासोबतचे दोन ओळींचे स्पष्टीकरण पुरेसे होते. गुजरातीतील विवाह किंवा जन्म दाखल्यासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील असावा. केवळ नोटरीचा गोल शिक्का म्हणजे भाषांतराचे प्रमाणीकरण नव्हे.

तिसरी अडचण पैशांची. १,२७० पौंडांची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. एका दिवसासाठी जरी शिल्लक खाली गेली, तरी सगळे दिवस फुकट जातात. शेअर, म्युच्युअल फंड आणि प्रॉव्हिडंट फंड यांची किंमत कितीही असली तरी ती धरली जात नाही. बँक अशी असावी की जिच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची पडताळणी होम ऑफिसला करता येते. घराण्याचे सगळे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या लहान सहकारी पतपेढीत असणाऱ्यांनी या एका कामासाठी मोठ्या व्यापारी बँकेतील खाते वापरलेले बरे. कुटुंबासह जाणाऱ्यांना जोडीदारासाठी २८५, पहिल्या मुलासाठी ३१५ आणि पुढील प्रत्येक मुलासाठी २०० पौंड आणखी दाखवावे लागतात. कंपनीने खर्चाची हमी दिली असली तरी ती हमी कुटुंबालाही लागू आहे, असे तिने स्वतंत्रपणे नोंदवलेले असले पाहिजे. नवऱ्याचा व्हिसा मंजूर आणि बायको-मुलांचा नामंजूर, असे घडते ते बहुधा याच एका नोंदीपायी.

चौथी अडचण संकेतांकाची आणि कामाच्या तासांची आहे, आणि ती सर्वस्वी तांत्रिक असल्यामुळे तांत्रिक माणसांनी तरी ती नीट समजून घ्यावी. ब्रिटनमध्ये प्रत्येक नोकरीला चार अंकी व्यवसाय-संकेतांक असतो. यांत्रिक अभियंत्यांसाठी तो २१२२, विद्युत अभियंत्यांसाठी २१२३, उत्पादन आणि प्रक्रिया अभियंत्यांसाठी २१२५ आहे. एप्रिल २०२४ मध्ये जुन्या यादीऐवजी २०२०ची यादी लागू झाली, तेव्हा काही अंक तेच राहिले पण त्यांचा अर्थ बदलला. जुन्या यादीत २१३६ हा प्रोग्रामर आणि सॉफ्टवेअर विकासकांचा संकेतांक होता. नव्या यादीत त्यांचा संकेतांक २१३४ आहे आणि २१३६ हा गुणवत्ता तपासणी व चाचणी करणाऱ्यांकडे गेला आहे. जुन्या नियुक्तिपत्राचा साचा वापरणाऱ्या कंपनीत ही गफलत सहज होते, आणि मग कामाचे वर्णन संकेतांकाशी जुळत नाही म्हणून नकार येतो.

प्रत्येक संकेतांकाला ठरलेला पगारदर असतो आणि तो आठवड्याच्या ३७.५ तासांसाठी मोजलेला असतो. तुमच्या करारात आठवड्याला ४० तास असतील, तर तो दर त्याच प्रमाणात वाढतो. समजा, एखाद्या कामाचा दर ४५,००० पौंड आहे. ४० तासांसाठी तो ४५,०००ला ३७.५ने भागून ४०ने गुणल्यावर ४८,००० पौंड होतो. कंपनीने ४६,००० पौंड देऊ केले असतील, तर वरवर पाहता दरापेक्षा जास्त असलेला हा पगार प्रत्यक्षात कमी पडतो. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम यांची रक्कम या हिशेबात धरली जात नाही. नकार पगारावरून असेल, तर अधिकाऱ्याला दोष देण्याआधी हे गणित एकदा स्वतः मांडावे. चूक त्याचीही असू शकते आणि कराराचीही.

४. कागद एकत्र करा

फेरतपासणीसाठी नवे कागद जोडायचे नसले, तरी जुने कागद समोर असल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नाही. पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये आणाव्यात.

– नकारपत्र, सर्व पानांसह, आणि ते मिळाल्याचा ई-मेल किंवा कुरिअरची पावती
– मूळ ऑनलाइन अर्जाची पीडीएफ प्रत आणि जीडब्ल्यूएफ या अक्षरांनी सुरू होणारा संदर्भ क्रमांक
– सीओएसचा संपूर्ण तपशील. कंपनीने नुसता क्रमांक कळवला असेल तर पूर्ण प्रत मागून घ्यावी
– व्हीएफएसच्या पोर्टलवर काय काय आणि कोणत्या शीर्षकाखाली अपलोड केले, त्याची यादी
– नियुक्तिपत्र आणि करार, तासांच्या उल्लेखासह
– इंग्रजी, क्षयरोग तपासणी आणि बँकेचे कागद, जसे पाठवले होते तसेच
– पासपोर्ट आणि शुल्क भरण्यासाठी परदेशी व्यवहार चालू असलेले कार्ड

अपलोडच्या यादीकडे विशेष लक्ष द्यावे. व्हीएफएसच्या पोर्टलवर बँकेचा तपशील ‘इतर’ या शीर्षकाखाली टाकलेला असेल, तर अधिकाऱ्याच्या नजरेतून तो निसटू शकतो. तो कागद त्याच्यासमोर होता हे दाखवण्याचे तुमच्याकडचे सर्वांत पक्के साधन ही यादीच असते.

होम ऑफिसने तुमच्या फाइलवर काय नोंदी केल्या, हे माहिती-संरक्षण कायद्याखाली विनाशुल्क मागता येते. उत्तर यायला साधारण एक महिना लागतो, म्हणजे २८ दिवसांच्या मुदतीत त्याचा उपयोग होईलच असे नाही. तरीही मागणी पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी. त्या नोंदी पुढे नव्या अर्जाच्या वेळी कामी येतात.

५. कंपनीशी बोला, आणि लवकर बोला

व्हिसा नाकारला गेला हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला सांगायला लोक संकोचतात, आणि तोवर मुदतीतील पंधरा दिवस निघून जातात. वस्तुतः काही गोष्टी फक्त कंपनीलाच माहीत असतात: खर्चाच्या हमीची नोंद केली होती का, संकेतांक कोणत्या आधारावर निवडला, होम ऑफिसने त्यांच्याकडे काही चौकशी केली होती का. कंपनीचा प्रायोजक परवाना अजून चालू आहे का, हे तुम्ही स्वतः ब्रिटिश सरकारच्या प्रायोजकांच्या सार्वजनिक यादीत पाहू शकता. परवाना रद्द झाला असेल, तर फेरतपासणीतून काही साधत नाही.

सीओएस एका अर्जासाठीच वापरता येतो. अर्ज नाकारला गेला की तो सीओएस वापरला गेला असे मानतात, आणि नव्या अर्जासाठी कंपनीला होम ऑफिसकडून नवा घ्यावा लागतो. नवा सीओएस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. म्हणून कंपनीला सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारा: फेरतपासणीला काही महिने लागले तर जागा थांबवून ठेवाल का, आणि नवा सीओएस द्यायला तयार आहात का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल, तर चूक अधिकाऱ्याची असली तरीही नवा अर्ज शहाणपणाचा ठरू शकतो. न्याय आपल्या बाजूने आहे म्हणून नोकरी हातची घालवण्यात अर्थ नाही, असे मला वाटते. पण ज्याच्यावर फसवणुकीचा ठपका आहे, त्याला हा हिशेब लागू होत नाही.

६. फेरतपासणीचा अर्ज लिहा

अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरूनच, ऑनलाइन आणि इंग्रजीत करावा लागतो. शुल्क ८० पौंड आहे, आणि चूक मान्य होऊन निर्णय बदलला तर ते परत मिळते. एकाच निर्णयावर दुसऱ्यांदा फेरतपासणी मागता येत नाही; पहिल्या फेरतपासणीच्या निकालात नकाराची नवीच कारणे दिली गेली तरच ती मुभा मिळते. त्यामुळे जे लिहायचे ते एकदाच आणि पूर्ण लिहावे.

नकाराच्या प्रत्येक कारणासाठी स्वतंत्र परिच्छेद करावा आणि त्यात चार गोष्टी याच क्रमाने असाव्यात: पत्रातील वाक्य जसेच्या तसे, लागू असलेले कलम, तुमचा कागद आणि त्यातील नेमकी जागा, आणि शेवटी चूक कोणती झाली याचे एका वाक्यातील विधान. निर्वाहाच्या रकमेचे वरील उदाहरण घेतले तर मजकुराचा आशय असा होईल:

‘निर्णयपत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात मी निर्वाहाच्या रकमेचा पुरावा दिला नाही असे म्हटले आहे. कलम एसडब्ल्यू १५.२ नुसार ‘ए’ दर्जाच्या प्रायोजकाने खर्चाची हमी प्रमाणित केली असल्यास ही अट पूर्ण होते. माझ्या सीओएसवर ही हमी नोंदलेली आहे आणि सीओएसचा क्रमांक मूळ अर्जात दिलेला होता. ही नोंद विचारात न घेतल्यामुळे नियम चुकीचा लावला गेला आहे.’

एवढेच. आईवडिलांचे वय, राजीनामा दिलेली नोकरी, काढलेले कर्ज आणि इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेऊन बसलेला मित्र यांचा उल्लेख करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण नियम बरोबर लावला की नाही या प्रश्नाशी त्यांचा संबंध नसतो आणि तुमचा एकमेव खरा मुद्दा त्या गर्दीत हरवतो. ‘कृपया सहानुभूतीने विचार करावा’ हे आपल्या सरकारी अर्जांतील सवयीचे वाक्यही येथे निरुपयोगी आहे. पाच कारणांपैकी दोनच चुकीची असतील, तर उरलेली तीन नकाराला पुरेशी आहेत का, हा विचार लिहिण्याआधी करावा. एकही बरोबर कारण शिल्लक राहिले तरी नकार कायम राहू शकतो.

अर्ज शेवटच्या रात्री भरू नये. परदेशी संकेतस्थळावर आपल्या बँकेचे कार्ड नाकारले जाणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि शुल्क भरले गेले नाही तर अर्ज झालेला नसतो.

७. निकालाची वाट पाहताना

निकालाला लागणारा काळ आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजण्याची तयारी ठेवावी. या काळातील सर्वांत मोठा सापळा म्हणजे फेरतपासणी चालू असतानाच ‘दोन्हीकडून प्रयत्न’ म्हणून नवा अर्ज टाकणे. नवा व्हिसा अर्ज केला की प्रलंबित फेरतपासणी मागे घेतली असे धरले जाते. बायको-मुलांसह जाणाऱ्यांनी तर कोणाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे याचा तक्ता करूनच पाऊल टाकावे.

नकारानंतर व्हिसाचे शुल्क परत मिळत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार मात्र मिळतो. तो वर्षाला १,०३५ पौंड आहे, म्हणजे पाच वर्षांच्या व्हिसासाठी ५,१७५ पौंड, आणि मध्यमवर्गीय घरात ही रक्कम बहुधा कोणाच्या तरी मोडलेल्या मुदतठेवीतून आलेली असते. तो परतावा ज्या कार्डावरून भरणा झाला त्याच कार्डावर आपोआप जमा होतो, पण फेरतपासणी मागितली असेल तर त्याला उशीर लागतो. म्हणून ते कार्ड किंवा खाते बंद करू नये. एजंटाच्या कार्डावरून पैसे भरले असतील तर परतावा त्याच्याकडे जाईल, हे त्याला आत्ताच लेखी आठवण करून द्यावे.

८. सल्ला कोणाचा घ्यावा

अलकापुरी आणि फतेहगंजच्या रस्त्यांवर व्हिसाच्या पाट्यांना तोटा नाही. अर्ज भरून देण्यासाठी त्यांतील अनेकजण उपयोगी पडतात, पण फेरतपासणी हे कायदेशीर युक्तिवादाचे काम आहे आणि अर्ज भरण्याचा अनुभव म्हणजे कायद्याचे ज्ञान नव्हे. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्यांवर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीचे नियंत्रण असते. २०२५च्या जानेवारीपर्यंत या संस्थेचे नाव ओआयएससी होते. सॉलिसिटरांवर त्यांच्या स्वतःच्या नियामक संस्थेचे नियंत्रण असते. दोन्हींच्या याद्या ऑनलाइन पाहता येतात, आणि पैसे देण्याआधी सल्लागाराचे नाव तिथे शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ‘आतून काम करून देतो’ किंवा ‘निकालाची गॅरंटी’ असे म्हणणाऱ्याचा चहा पिऊन निघून यावे. त्याने तुमच्या नावावर एखादा बनावट कागद टाकला, तर १० वर्षांची बंदी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

९. निकाल लागल्यावर

चूक मान्य झाली तर मूळ निर्णय मागे घेतला जातो आणि व्हिसा मंजूर होतो किंवा अर्जावर नव्याने निर्णय होतो. तोपर्यंत सीओएसवरची रुजू होण्याची तारीख उलटलेली असेल, तर कंपनीला लगेच कळवून नवी तारीख नोंदवून घ्यावी.

नकार कायम राहिला आणि त्यातही कायद्याची चूक आहे असे जाणकार सल्लागाराला वाटले, तर ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’ची, म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकनाची, याचिका इमिग्रेशनच्या अप्पर ट्रायब्युनलमध्ये दाखल करता येते. ती शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत करावी लागते. त्याआधी होम ऑफिसला दाव्यापूर्वीची नोटीस पाठवून उत्तरासाठी साधारण १४ दिवस द्यायचे असतात. काही वेळा त्या नोटिशीवरच होम ऑफिस निर्णय पुन्हा तपासायला तयार होते. पुढचा खर्च मात्र हजारो पौंडांत जातो आणि हरल्यास समोरच्या पक्षाचा खर्चही अंगावर येऊ शकतो, त्यामुळे एका नोकरीसाठी हा मार्ग क्वचितच परवडतो.

नवा अर्ज करणाऱ्यांनी सोबत एक पानाचे पत्र जोडावे. त्यात मागील नकाराची तारीख, प्रत्येक कारण आणि ते या वेळी कोणत्या कागदाने दूर झाले आहे, हे लिहावे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का, हा प्रश्न ब्रिटनच्या अर्जात येतोच, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या अर्जांतही येतो. उत्तर नेहमी ‘हो’ असेच द्यावे, फेरतपासणीत हरला असाल तरी आणि नंतरच्या अर्जात व्हिसा मिळाला असेल तरीही. साध्या कारणाने आलेला जुना नकार पुढच्या व्हिसाला सहसा आड येत नाही. तो लपवला तर त्याचा फसवणुकीच्या कलमाखाली विचार होतो. नकारपत्राची प्रत स्कॅन करून पासपोर्टच्या प्रतींसोबत कायमची ठेवावी, कारण पुढील प्रत्येक अर्जात तिची तारीख आणि संदर्भ क्रमांक विचारला जाऊ शकतो.